फ्रँकेन्स्टाईन: नाव नसलेल्याची गोष्ट

'फ्रँकेन्स्टाईन' म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सपाट डोक्याचा, मानेत बोल्ट ठोकलेला राक्षस. हे रूप १९३१ च्या हॉलिवूड सिनेमाचं. मूळ कादंबरीत हे आडनाव आहे त्याला घडवणाऱ्या व्हिक्टर या तरुणाचं. राक्षसाला शेवटपर्यंत नावच मिळत नाही. मला वाटतं, या भयकथेचं मर्म इथेच आहे.

लेखिका मेरी शेली. जन्म ३० ऑगस्ट १७९७, लंडन. आई मेरी वुलस्टनक्राफ्ट, स्त्रियांच्या हक्कांवर १७९२ मध्ये गाजलेला ग्रंथ लिहिणारी. लेकीच्या जन्मानंतर अकरा दिवसांत ती वारली. फेब्रुवारी १८१५ मध्ये मेरीला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली आणि थोड्याच दिवसांत गेली. पुढे बाळाला शेकोटीजवळ चोळल्यावर ते जिवंत झालं, असं स्वप्न पडल्याची नोंद तिच्या डायरीत आहे.

१८१६ चा उन्हाळा तिने जिनिव्हा सरोवराकाठी काढला. आदल्या वर्षी इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला होता. त्यामुळे युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, नुसता थंडी-पाऊस. घरात अडकलेल्या मंडळींना कवी बायरनने सुचवलं, प्रत्येकाने एकेक भूतकथा लिहायची. त्यातून अठरा वर्षांच्या मेरीची ही कादंबरी उभी राहिली. १ जानेवारी १८१८ ला ती लेखिकेच्या नावाशिवाय छापली गेली.

कथेत व्हिक्टर इंगोलश्टाट विद्यापीठात शिकतो. मृतदेहांचे अवयव जोडून तो एक जीव घडवतो, पण त्याने डोळे उघडताच घाबरून पळ काढतो. टाकून दिलेला तो जीव एका कुटुंबाच्या घराला लागून असलेल्या झोपडीत लपतो, भिंतीच्या फटीतून त्यांचं बोलणं ऐकत भाषा शिकतो, मिल्टनचं 'पॅरडाईज लॉस्ट' वाचतो. आदामाला निदान त्याच्या निर्मात्याने जवळ केलं होतं, आपल्याला कोणीच नाही, हे त्याला त्यातून कळतं. घरातला आंधळा म्हातारा त्याच्याशी मायेने बोलतो. डोळस मुलगा काठीने मारतो.

मग सूड सुरू होतो. पहिला बळी व्हिक्टरचा लहान भाऊ विल्यम. हेच नाव मेरीच्या तान्ह्या मुलाचं होतं! या खुनासाठी जस्टिन ही निरपराध मुलगी फाशी जाते. खरा खुनी कोण हे व्हिक्टर ओळखून असतो, तरी न्यायालयात गप्प राहतो.

राक्षसाचे खून माफ करावेत असं मेरी कुठेच म्हणत नाही. पण जन्म देऊन पाठ फिरवणाऱ्यालाही ती सुटू देत नाही. वाचताना मला राक्षसापेक्षा व्हिक्टरच्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटली.

बाजारात बहुधा १८३१ ची सुधारित आवृत्ती मिळते. पूर्ण वाचायला वेळ नसेल, तर तिच्यातली ११ ते १६ ही प्रकरणं तरी वाचाच. तिथे राक्षस स्वतः बोलतो. त्याचं ऐकून घ्या आणि मग ठरवा, यात राक्षस कोण.