‘चिनी हात’ ते ‘रिकामा हात’
कोलकात्याच्या टँग्रा भागात चिनी नववर्षाला ढोलाच्या तालावर सिंहनृत्य होते. पुढचा तरुण सिंहाचे मस्तक पेलतो, मागचा वाकून त्याचे धड होतो. दोघांचे पाय मात्र घोड्यावर मांड घातल्यासारखे फाकलेले, गुडघ्यांत वाकलेले असतात. हा पवित्रा दक्षिण चीनच्या युद्धकलेतला. तिथल्या तालमींनीच हे नृत्य जोपासले. शहरातील कराटेच्या वर्गांत मुले असाच पवित्रा ‘किबा-दाची’ या जपानी नावाने शिकतात.

हे साम्य योगायोगाचे नाही. कराटेची जन्मभूमी ओकिनावा. या बेटाचा चीनच्या फुजियान प्रांताशी शतकानुशतके व्यापार होता आणि त्याच वाटेने युद्धकलाही आली. १८९७ साली उएची कानबुन हा ओकिनावाचा तरुण फुजियानमधील फूचौ शहरी गेला व अनेक वर्षे तिथे शिकला. त्याच्या परंपरेतील ‘सानचिन’ हा पायाभूत क्रियाक्रम फुजियानच्या श्वेत क्रौंच परंपरेतही आढळतो. नावाची चिन्हेही तीच.

‘कराटे’ या शब्दाचा अर्थही पूर्वी ‘चिनी हात’ असाच होता. जपानमध्ये राष्ट्रवाद भडकला, तेव्हा हे नाव अडचणीचे ठरले. १९३६ साली ओकिनावातील नाहा येथे जमलेल्या गुरुजनांनी ‘रिकामा हात’ अशा अर्थाची चिन्हे पसंत केली. उच्चार तोच ठेवला.

बोधिधर्माने ही विद्या भारतातून चीनला नेली, असे आपल्याकडे हौसेने सांगतात. त्याला समकालीन पुरावा नाही. भारताचा धागा निघतो तो नावात : ‘रिकामा’ दर्शवणारे ते चिन्ह चिनी बौद्ध ग्रंथांत संस्कृत ‘शून्य’ या शब्दासाठी योजलेले आहे.