मेळघाटात व्याघ्रगणनेला जायचं, तर खर्च किती?

मुंबईहून निघून, मेळघाटातल्या एखाद्या संरक्षण कुटीत आठवडाभर व्याघ्रगणनेचं काम करून परत यायचं, तर आजच्या दरांनी माणशी पाच ते साडेपाच हजार रुपये लागतात. राहण्याची सोय वनविभाग करतो, म्हणून पुष्कळजण हे सगळं फुकटात होतं असं धरून अर्ज भरतात आणि खर्चाचा अंदाज आला की शेवटच्या आठवड्यात नाव मागे घेतात. तोवर कोण कुठल्या कुटीत जाणार हे ठरून गेलेलं असतं, आणि तिथल्या वनरक्षकाला दुसरा माणूस मिळत नाही. म्हणून आधी हिशेब मांडावा, मग अर्ज भरावा.

काम काय असतं, ते कळल्याशिवाय या खर्चाला अर्थ नाही. देशभरची ही गणना २००६पासून दर चार वर्षांनी होते. पहिले तीन दिवस मांसभक्षी प्राण्यांच्या खुणा शोधत रोज पाचेक किलोमीटर वाट तुडवायची. पाऊलखुणा, विष्ठा, झाडांवरचे ओरखडे जिथे दिसतील तिथे नोंद. पुढचे तीन दिवस पहाटे दोन किलोमीटरच्या आखलेल्या सरळ रेषेवर चालून सांबर, चितळ, भेकर, रानगवा, रानडुक्कर मोजायचे. परतताना दर ४०० मीटरला थांबून झाडं, झुडपं, गवत आणि लेंड्यांची नोंद घ्यायची. २०२२च्या गणनेत देशात अशी ६ लाख ४१ हजार किलोमीटरांहून जास्त पायपीट झाली. वाघ दिसेलच असं कुणी सांगू शकत नाही. बहुतेकांना दिसत नाही. पाच किलोमीटर चालून एकही खूण मिळाली नाही, तर तेही जसंच्या तसं लिहायचं असतं. माझ्या मते स्वयंसेवकाची खरी परीक्षा तिथेच होते, कारण रिकाम्या रकान्याची नोंदही वाघाच्या पाऊलखुणेइतकीच मोलाची असते.

बुद्धपौर्णिमेच्या रात्रीचं मचाण वेगळं. लोक त्यालाही गणना म्हणतात, पण वाघांचा अधिकृत आकडा आता पाणवठ्यावर बसून काढत नाहीत. तो कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पट्ट्यांच्या छायाचित्रांवरून निघतो. मचाणावरची रात्र हा निसर्गानुभव आहे, त्याचं शुल्क असतं आणि ते द्यायला हरकत नाही. फक्त त्याला श्रमदान समजू नये.

आता पैसे. मुंबईहून रात्रीची अमरावती एक्स्प्रेस सोयीची. स्लीपरचं तिकीट चारशेच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन ८०० धरा. थर्ड एसीने गेलात तर हेच दोन हजारांच्या वर जातं. अमरावतीहून परतवाडा आणि परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हे दोन्ही टप्पे एसटीचे. दोन्ही मिळून एका बाजूचे १७० रुपयांच्या आसपास होतात, परतीसह ३४०. महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही. सेमाडोहपासून कुटीपर्यंत वनविभागाची गाडी मिळाली तर उत्तम, पण तिच्या भरवशावर राहू नका. ती गस्तीसाठी आहे. पाच जणांनी मिळून जीप ठरवली तर माणशी एका खेपेचे ४००, दोन्ही वेळचे ८०० बाजूला ठेवा. येताना जीप चुकली, एसटी गेली, असं झालं की परतवाड्याला मुक्काम पडतो. त्या एका रात्रीचे ७०० आधीच धरलेले बरे.

कागदपत्रांचा खर्च लहान, पण धावपळ मोठी. डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला २०० रुपयांत होतो. हमीपत्र साध्या कागदावर चालेल की मुद्रांकावर लागेल, हे आधी विचारून घ्या. मुद्रांक लागला तर पाचशेचा, कारण ऑक्टोबर २०२४पासून शंभर-दोनशेच्या मुद्रांकाचा जमाना संपला आहे.

शिधा हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा भाग, आणि त्यातच सर्वाधिक चुका होतात. जेवण कोण देणार हे सूचनापत्रात लिहिलेलं नसेल, तर आपलं आपण न्यायचं असं समजा. परतवाड्याच्या बाजारात तांदूळ, तूरडाळ, कणीक, पोहे, तेल, कांदे-बटाटे, तिखट-मीठ, चहा-साखर आणि शेंगदाणे असा सात दिवसांचा शिधा माणशी ९०० रुपयांत भरता येतो. कुटीत चूल एकच असते. वनरक्षक आणि त्यांच्यासोबतचे कोरकू वनमजूर त्याच चुलीवर रांधतात. तुम्ही बिस्किटांचे पुडे घेऊन पोहोचलात, तर ती माणसं न बोलता त्यांच्या महिन्याच्या धान्यातून तुम्हाला वाढतील आणि तो खर्च तुमच्या कुठल्याच हिशेबात दिसणार नाही. म्हणून पोहोचल्या दिवशीच आपला शिधा सगळ्यांच्या शिध्यात मिसळा, पाणी आणायला आणि भांडी घासायला हात लावा. स्वयंपाक दुसरं कुणी करणार असेल, तर त्याचे पैसे पहिल्याच संध्याकाळी बोलून ठरवा. किरकोळ खर्चाला ५०० रुपये सुटे ठेवा. रोख पैसे अमरावतीत काढून घ्या, कारण आत नेटवर्क नाही आणि फोनवरून पैसे देता येत नाहीत.

औषधांना ४०० रुपये पुरतात: मीठ-साखरेच्या पुड्या, मलमपट्टी, तापाच्या गोळ्या, डासांचं मलम आणि तुमची नेहमीची औषधं. धनुर्वाताचं इंजेक्शन निघण्यापूर्वी घ्या. मेळघाटात मलेरिया आहे, गवतातून चालताना गोचिड्याही चिकटतात. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर जंगलात जाऊन आल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. गुडघे दुखत असतील तर या वर्षी अर्ज करू नका. हे मी कळकळीने सांगतो. उपजिल्हा रुग्णालय एकीकडे धारणीला, दुसरीकडे अचलपूरला. आतल्या कुटीतून तिथे पोहोचायला अर्धा दिवस जाऊ शकतो आणि त्या दिवशी दोन माणसांचं काम बुडतं.

ही सगळी बेरीज ५,१४० रुपये होते, मुद्रांक धरून. बूट यात नाहीत. नवे घ्यायचे तर दीड-दोन हजार वेगळे, आणि निदान महिनाभर आधी घेऊन पायात रुळवलेले. हिवाळ्यात पहाटे अंगात कापरं भरतं, म्हणून जाड स्वेटर आणि घोंगडी घरचीच न्या. कपडे मातकट किंवा हिरवट. दुर्बीण उसनी मिळाली तर पाहा, विकत घेऊ नका.

खरा मोठा खर्च नऊ दिवसांच्या रजेचा आहे. ज्याची रोजची कमाई बुडते, त्याला हे काम माझ्या हिशेबाच्या दुप्पट-तिप्पट महाग पडतं. अशांनी गणनेचा हट्ट धरू नये. जवळच्या अभयारण्यात उन्हाळ्याआधी पाणवठ्यातला गाळ काढायला, जाळरेषा साफ करायला दोन दिवसांची माणसं लागतात. वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारावं.

खासगी सहलींबद्दल एक अनुभव सांगतो. ‘जंगलात श्रमदान’ म्हणून मी एकदा १४,००० रुपये भरले. चार दिवसांत दोन तास प्लास्टिक वेचलं, बाकी वेळ जीपमधून फिरलो. तेव्हापासून मी पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारतो: वनविभागाचं लेखी परवानगीपत्र आहे का, रोज किती तास काम आहे, आणि माझ्या पैशातले किती गावात राहतात. तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली तर जास्त शुल्कही मी आनंदाने देईन.

निघायच्या दिवशी उरलेला शिधा कुटीतच ठेवा, सोबत टॉर्चचे न वापरलेले सेलही. प्लास्टिक मात्र सगळं पिशवीत बांधून परतवाड्यापर्यंत आणा. सेमाडोहहून पहिली एसटी किती वाजता सुटते, हे जातानाच वाहकाला विचारून ठेवा.