सोलर बसवायचे घर : कौले कोणती घ्यावीत?



पावसाळा सरला की उंद्री परिसरात नव्या घरांचे पाये खोदले जातात. अलीकडे घर बांधणाऱ्यांच्या तोंडी एक नवा प्रश्न असतो : "वर सोलर बसवायचे आहे, मग कौले कोणती घ्यावीत?" प्रश्न साधा दिसतो. पण निर्णय चुकला तर घर गळते, आणि सोलरचे हप्ते फिटण्याआधीच छप्पर उकलायची पाळी येते. घर आयुष्यात बहुधा एकदाच बांधले जाते. म्हणून आज हा विषय आपण क्रमाने समजून घेऊ या.

१. छप्पर कशासाठी?

ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने आत्म्याविषयीच्या आपल्या ग्रंथात घराचे उदाहरण दिले आहे. एक जण म्हणेल, घर म्हणजे दगड, विटा आणि लाकूड. दुसरा म्हणेल, घर म्हणजे वारा, पाऊस व ऊन यांपासून राखणारा आसरा. घर खरोखर समजायचे तर सामान आणि हेतू दोन्ही एकत्र पाहावे लागतात. आपला प्रश्नही असाच आहे. कौल कोणते, हा सामानाचा प्रश्न झाला. आधी हेतू पाहू. आजवर छपराचे काम एकच होते, आसरा देणे. आता त्याच्याकडून वीजही हवी आहे. मात्र दुसऱ्या कामापायी पहिले बिघडता कामा नये.

२. कौलांचे प्रकार

आपल्याकडची जुनी कौले म्हणजे नळीची कौले. ती हलकी व गार असतात, पण एकमेकांत अडकत नाहीत. वाऱ्याने, वानरांनी सरकतात आणि दरवर्षी शाकारणी करावी लागते. त्यांच्यावर पॅनल बसवू नये.

मंगलोरी कौले एकमेकांच्या खाचेत बसतात. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूर येथे या कौलांचा कारखाना काढला आणि तेथून ती देशभर गेली. ही कौले सोलरला चालतात, पण वरून पाय पडला की तडकतात. सिमेंटची कौले जास्त मजबूत व जास्त जड असतात, म्हणून वासेही जाड लागतात.

मंगलोरी कौल घेताना बोटाने वाजवून पाहावे. खणखणीत आवाज आला तर ते नीट भाजलेले आहे. बद्द आवाज आला तर कच्चे आहे किंवा त्याला तडा आहे. थोडी कौले जास्तीची घेऊन ठेवावीत, कारण पुढे त्याच साच्याची मिळतीलच असे नाही.

३. दिशा आणि उतार

सूर्य वर्षाचा बराच काळ आपल्या दक्षिणेकडून जातो. म्हणून आढे पूर्व-पश्चिम ठेवावे, म्हणजे एक पाखे आपोआप दक्षिणेला येते. आपला जिल्हा विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे २० ते २१ अंशांवर आहे, आणि पॅनललाही साधारण तेवढाच कल लागतो. मंगलोरी कौलांना दोन फुटांना एक फूट उतार दिला तर तो सुमारे साडेसव्वीस अंश होतो. हा फरक किरकोळ आहे. पॅनल पाख्याला समांतर बसवले तरी चालते, उंच सांगाडा लागत नाही. दक्षिणेच्या अंगाला मोठे झाड किंवा पाण्याची टाकी मात्र नको.

४. ओझे, वारा आणि ऊन

कौलारू छपराचे कौलांचे ओझे चौरस मीटरला साधारण ४० किलो असते. पॅनल व त्याची चौकट मिळून आणखी सुमारे १५ किलो येतात. सुताराला हे आधीच सांगावे, म्हणजे तो वासे त्या हिशेबाने घालील. ओझ्यापेक्षा वाऱ्याची भीती जास्त असते, कारण वावटळ पॅनलखाली शिरून ते वर उचलू पाहते. म्हणून चौकटीचे हूक वाशालाच पक्के करावेत, रिपेला नव्हे. हूक दोन कौलांच्या मधून बाहेर काढावा आणि तेथे कौल थोडे घासून जागा करावी. कौलाला भोक पाडून नट आवळला तर पहिल्याच पावसात तेथून पाणी येते.

पॅनलला ऊन हवे असते, उष्णता नको असते. पॅनलचे तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे वीज ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटते. म्हणून कौल व पॅनल यांच्यामध्ये चार-सहा इंच मोकळी हवा खेळू द्यावी.

५. पॅनलखाली कौल हवेच का?

व्हॅटिकनमध्ये पोप पॉल सहावे यांच्या नावाचे सभागृह आहे. त्याच्या छपरावरील सिमेंटच्या फरश्या खराब झाल्या होत्या. २००८ मध्ये त्यांच्या जागी पुन्हा सिमेंट न घालता सुमारे २,४०० सोलर पॅनल बसवले गेले. यातून आपणही एक गोष्ट घेऊ शकतो. जेथे पॅनल येणार तेथे महाग कौल झाकून ठेवण्यात अर्थ नाही. तीन किलोवॅटला ५०० ते ५५० वॅटची सहा पॅनल लागतात आणि पाख्यावर सुमारे २०० चौरस फूट जागा जाते. तेवढ्या भागात रंगीत पत्रा व उरलेल्या छपरावर कौले घातली, तर फूटतूट व गळती दोन्ही टळते. पॅनलची सावली पडत असल्याने पत्राही फारसा तापत नाही. मात्र कौल व पत्रा जेथे भेटतात तेथे कौल पत्र्यावर पुरेसे पुढे आलेले असावे.

६. पैशांचा हिशेब

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये अनुदान ठरवले गेले. हे अनुदान यंत्रणा सुरू झाल्यानंतर खात्यात येते, म्हणजे आधी पैसे आपल्यालाच उभे करावे लागतात. अर्जाच्या वेळी चालू नियम विचारून घ्यावेत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. बॅटरी नसेल तर महावितरणची वीज गेली की आपले सोलरही थांबते. तारेवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून ही व्यवस्था असते.

घरी बसून विचार करण्यासाठी :

१. आपल्या घराचे दक्षिणेचे पाखे दिवसभर उन्हात राहील का?

२. सुतार आणि सोलर बसवणारा यांना वासे चढण्यापूर्वी आपण एकत्र बसवले आहे का?

३. पुढे एखादे कौल बदलायचे झाले, तर पॅनलवर पाय न देता तेथे जाता येईल का?

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली की कौलाचा रंग घरातल्या माणसांनी खुशाल आपल्या आवडीने निवडावा.