जन्माची वेळ आणि वानरकुळाची वाढ

रानातील एखादे पिल्लू कोणत्या महिन्यात जन्मास आले, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. शेतकऱ्याला मात्र त्यातील मर्म चटकन उमगेल. वापसा साधून केलेली पेरणी आणि पंधरवडा उशिरा झालेली पेरणी यांच्या उत्पन्नात किती अंतर पडते, हे तो अनुभवाने जाणतो. वानरकुळातील प्राण्यांच्या प्रजोत्पादनासही असाच हंगामाचा नियम लागू आहे. जन्माच्या वेळेचा संबंध केवळ त्या पिल्लाशी नसतो. मातेला पुढील पिल्लू केव्हा होणार, हेही पुष्कळ अंशी त्यावर ठरते.

दूध पाजण्याचा भार

माकडे व वानरे यांच्या मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू होते. गर्भ वाढविण्यापेक्षा त्या पिल्लाला दूध पाजणे आणि अंगाशी धरून हिंडविणे, यांत तिची शक्ती अधिक खर्च होते. पिल्लू वारंवार दूध पीत असते तोवर मादीला सहसा पुन्हा गर्भ राहत नाही. म्हणून ज्या काळात कोवळी पालवी व फळे विपुल असतात, त्या काळाशी दूध पाजण्याचा किंवा दूध तोडण्याचा काळ जुळणे हिताचे ठरते.

मादागास्कर बेटावरील वलयांकित शेपटीचा लेमूर याचे उत्तम उदाहरण होय. त्याची मादी वर्षातून जेमतेम एखादा दिवस माजावर असते. साडेचार महिन्यांच्या गर्भावस्थेनंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, म्हणजे तेथील कोरड्या ऋतूच्या अखेरीस, पिल्ले जन्मतात. ती स्वतः चरू लागतात तेव्हा पावसाने रान हिरवे झालेले असते.

जोधपूर आणि रामनगर

आपल्या परिचयाच्या काळतोंड्या वानरांची कथा अधिक उद्‌बोधक आहे. पूर्वी ही सर्व वानरे एकाच जातीची मानली जात. आता त्यांच्या अनेक जाती मानल्या जातात. राजस्थानातील जोधपूर परिसरात हनुमंताचे रूप म्हणून लोक त्यांना श्रद्धेने खाऊ घालतात. तेथे वर्षाच्या कोणत्याही महिन्यात पिल्ले जन्मास येतात आणि दोन बाळंतपणांतील अंतर सरासरी सव्वा वर्षाच्या आसपास असते. याउलट दक्षिण नेपाळातील रामनगरच्या सालवनात वानरांना रानाच्याच अन्नावर गुजराण करावी लागते. तेथे पावसाळ्यात व त्यानंतर मादीची शरीरप्रकृती सुधारते, तेव्हाच गर्भधारणा होते. जन्म वर्षाच्या पूर्वार्धात एकवटतात. पिल्लू दोन वर्षांपर्यंत दूध पिते आणि बाळंतपणांतील अंतर सुमारे अडीच वर्षांपर्यंत जाते. अन्नाची सोय बदलताच जन्माचे वेळापत्रक कसे बदलते, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

उशिराची किंमत

प्वेर्तो रिकोच्या किनाऱ्यालगत कायो सांतियागो नावाचे लहानसे बेट आहे. १९३८ साली भारतातून सुमारे ४०० ऱ्हीसस माकडे तेथे नेऊन सोडण्यात आली. १९५६ पासून त्या कळपांतील जन्ममृत्यूंची पद्धतशीर नोंद ठेवली जात आहे. या माकडांचा समागमाचा व जन्माचा हंगाम ठरलेला असतो. हंगामाच्या अखेरीस व्यालेल्या मादीला पुढील वर्षी पिल्लू होण्याची शक्यता कमी असते, असे या नोंदींवरून दिसून आले आहे. याचे कारण समजण्यास कठीण नाही. समागमाचा काळ पुन्हा येतो तेव्हा उशिरा जन्मलेले पिल्लू अद्याप अंगावर पीत असते आणि मातेच्या शरीराची झीज भरून आलेली नसते. त्या काळात गर्भ राहिला नाही, तर तिला आणखी एक वर्ष थांबावे लागते. काही आठवड्यांच्या विलंबाची किंमत अशा रीतीने पूर्ण वर्षाने मोजावी लागते.

धारवाडचे निरीक्षण

स्तनपान व गर्भधारणा यांच्या संबंधाची एक कठोर बाजू बेळगावच्या शेजारच्या धारवाड परिसरात प्रकाशात आली. जपानी संशोधक युकिमारू सुगियामा यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत तेथील वानरांचे निरीक्षण केले. बाहेरून आलेल्या नरांनी कळपातील जुन्या नराला हुसकावून लावले आणि त्यांच्यापैकी एकाने कळपाचा ताबा घेतल्यावर तान्ही पिल्ले मारली गेली. पिल्लू गमावलेल्या माद्या लवकरच पुन्हा माजावर आल्या. जी मादी एरवी कित्येक महिने गर्भक्षम झाली नसती, ती नव्या नराला अल्पावधीत लाभली. या घटनेचा अर्थ कसा लावावा, यावर पुढे दीर्घकाळ वाद झाला. तथापि दूध थांबताच प्रजननचक्र पुन्हा सुरू होते, हे निर्विवाद ठरले.

मानवाचे कर्तव्य

घाटरस्त्यांवर वा देवस्थानांच्या आवारात माकडांपुढे केळी-शेंगदाणे टाकणारा माणूस भूतदयेनेच तसे करतो. परंतु बारमाही आयत्या अन्नाने बाळंतपणांतील अंतर घटते, कळप वाढतात आणि अखेर त्यांचा उपद्रव बागायतदारांना सोसावा लागतो. दुसरीकडे, रानातील फळझाडे तोडली गेली, तर हंगामाची वाट पाहणाऱ्या मादीचे एखादे वर्ष वाया जाते. एक कृती संख्या अवास्तव वाढविते, दुसरी ती खुंटविते. वड, उंबर, जांभूळ यांसारखी रानची झाडे राखणे आणि माकडांना हाताने खाऊ घालण्याचे टाळणे, हीच त्यांची खरी सेवा होय. निसर्गाने लावून दिलेले जन्माचे वेळापत्रक त्यामुळे अबाधित राहील.