हँडिकॅपची रुग्णपत्रिका

वैद्यक मंडळाच्या स्मरणिकेत मधुमेह, हृदयरोग किंवा नव्या औषधांविषयी लेख असावेत ही अपेक्षा रास्तच आहे. तरीही या वर्षी संपादकांच्या परवानगीने मी थोडी वेगळी वाट धरतो आहे. विषय गोल्फचा आहे. परंतु ज्या पद्धतीने मी या खेळाचा अभ्यास केला ती आपल्याच शास्त्राची आहे, आणि त्या अभ्यासातून जे हाती लागले ते मला मैदानावरून थेट शस्त्रक्रियागृहात घेऊन गेले. म्हणून हा लेख येथे शोभेल असे वाटते.

मी गोल्फ खेळू लागलो तो वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी. बडोद्यात या खेळाला राजवाड्याच्या आवाराची पार्श्वभूमी आहे, त्यामुळे त्याकडे श्रीमंतांचा षोक म्हणून पाहण्याची आपल्या मंडळींची सवय आहे. माझे कारण साधे होते : पहाटे चालावे आणि चालताना दूरध्वनी बंद ठेवावा. पहिल्या चार-पाच वर्षांत हँडिकॅप ३० वरून २२ पर्यंत उतरला आणि तेथेच रुतून बसला. पुढील तीन वर्षे शिकवणी, पुस्तके, नवी साधने असे सर्व उपाय झाले. आकडा हलला नाही. जीर्ण व्याधीचा रुग्ण डॉक्टर बदलत फिरतो तशी माझी अवस्था झाली.

हँडिकॅप म्हणजे नेमके काय?

अनेक नवे खेळाडू हँडिकॅप म्हणजे आपल्या स्कोअरची सरासरी असे समजतात. तसे नाही. २०२० पासून जगभर टप्प्याटप्प्याने लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत प्रत्येक फेरीचा एक ‘डिफरन्शियल’ काढला जातो. प्रत्येक मैदानाला दोन आकडे दिलेले असतात. कोर्स रेटिंग हा निष्णात खेळाडूचा अपेक्षित स्कोअर. आणि स्लोप रेटिंग म्हणजे सामान्य खेळाडूला ते मैदान तुलनेने किती अवघड जाते याचे माप. स्लोप ५५ ते १५५ यांच्या दरम्यान असतो व ११३ हे प्रमाण मानले जाते.

उदाहरण घेऊ. कोर्स रेटिंग ७०.४, स्लोप १२० आणि आपला स्कोअर ९५ असेल, तर ९५ मधून ७०.४ वजा केल्यावर २४.६ उरतात. त्यांना ११३ ने गुणून १२० ने भागले की २३.२ हा त्या फेरीचा डिफरन्शियल होय. (त्या दिवशीच्या परिस्थितीसाठी करावयाची दुरुस्ती येथे शून्य धरली आहे.) अशा शेवटच्या २० फेऱ्यांपैकी उत्तम ८ निवडून त्यांची सरासरी काढली की हँडिकॅप इंडेक्स मिळतो.

म्हणजे हा आकडा आपण नेहमी कसे खेळतो हे सांगत नाही, तर चांगल्या दिवशी आपण काय करू शकतो हे सांगतो. आपला नेहमीचा स्कोअर त्याहून काही स्ट्रोक जास्त असणे हेच स्वाभाविक आहे. हे समजले असते तर माझ्या कितीतरी रविवार-सकाळींची निराशा टळली असती.

आणखी एक तरतूद महत्त्वाची आहे. एखाद्या होलवर सर्वस्व हरवले तरी हँडिकॅपसाठी त्या होलचा स्कोअर पार अधिक दोन, अधिक त्या होलवर मिळणारे सवलतीचे स्ट्रोक एवढाच धरला जातो. त्या मैदानावर २२ स्ट्रोकची सवलत असलेल्या माझ्यासारख्याला प्रत्येक होलवर एक व सर्वांत अवघड चार होलवर दोन स्ट्रोक मिळतात. म्हणून साध्या पार-चारवर माझी कमाल ७ आणि अवघड पार-चारवर ८.

येथे आपल्या व्यवसायबंधूंचे स्मरण करणे उचित ठरेल. एका वाईट होलमुळे सबंध फेरी वाया जाऊ नये यासाठी गुणांकन पद्धती शोधून काढणारे डॉ. फ्रँक बार्नी गॉर्टन स्टेबलफोर्ड हे शल्यचिकित्सक होते. १८९८ मध्ये वेल्समधील ग्लॅमॉर्गनशायर क्लबात त्यांनी तिचा पहिला प्रयोग केला व १९३२ मध्ये इंग्लंडमधील वॉलसी येथे ती आजच्या रूपात स्थिरावली. सवलत धरून पार केल्यास दोन गुण, एक स्ट्रोक जास्त झाल्यास एक, दोन जास्त झाल्यास शून्य; शून्य झाले की चेंडू उचलावा आणि पुढे चालू लागावे. नवख्यांनी याच पद्धतीने आरंभ करावा.

निदान कोठे चुकले?

माझे स्वतःचे निदान ठाम होते : ‘माझे पटिंग कच्चे आहे.’ त्या निदानावर विसंबून मी दोन पटर विकत घेतले आणि घरच्या गालिच्यावर रात्री-रात्री सराव केला. निदानाला पुरावा काय, असे मला कोणी विचारले नाही आणि मीही स्वतःला विचारले नाही.

अखेर एका जानेवारीत मी खिशात छोटी वही ठेवू लागलो. प्रत्येक फटका, कोणती स्टिक, चेंडू कोठे गेला, एवढेच लिहावयाचे. पहिल्याच फेरीत सातव्या होलनंतर मी वहीत ‘७’ लिहिले. माझा कॅडी अनेक वर्षांचा सोबती; तो हळूच म्हणाला, “साहेब, आठ हुआ. झाडी में एक लगा था.” झुडपात मी स्टिक फिरवली होती आणि चेंडू जेमतेम वीतभर सरकला होता. मी तो फटका लपवला नव्हता. मी तो खरोखरच विसरलो होतो. त्याच फेरीत दोन वेळा दोन-अडीच फुटांवरचा चेंडू सोबत्यांनी ‘झाला म्हणा’ म्हणून मी उचलला होता. स्ट्रोक प्लेमध्ये अशी सूट नसते. चेंडू होलात गेलाच पाहिजे. माझा २२ चा आकडासुद्धा पूर्ण खरा नव्हता, हे त्या सकाळी कळले.

मग २० फेऱ्या प्रामाणिकपणे नोंदवल्या. सरासरी स्कोअर निघाला ९७, म्हणजे पार ७२ पेक्षा २५ जास्त. त्या २५ चे विच्छेदन असे झाले. दर फेरीत सुमारे ३ चेंडू टीवरूनच हरवत किंवा हद्दीबाहेर जात. दंडाचा एक स्ट्रोक, शिवाय पुन्हा मूळ जागेवरून मारावयाचे. म्हणून प्रत्येकाची किंमत २, एकूण ६. ग्रीनच्या काठावरून मारलेली चिप ४ वेळा ग्रीनवर पोहोचतच नसे, ते ४. तीन पट लागलेले ग्रीन ३, ते ३. उरलेले १२ बहुतांशी ग्रीनच्या दिशेने मारलेले पण आखूड पडलेले फटके होते. ज्या पटिंगला मी आरोपी ठरवले होते त्याचा वाटा सर्वांत लहान निघाला.

पुढे कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांचे २०१४ चे पुस्तक वाचले. व्यावसायिक स्पर्धांतील प्रत्येक फटक्याच्या मोजमापांवरून त्यांनी दाखवले की खेळाडूंमधील फरकाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग १०० यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांमुळे पडतो. दूरदर्शनवर आपण आठवडाभराच्या विजेत्याचे पट पाहतो आणि फसतो. प्रत्यक्षात उत्तम व्यावसायिकसुद्धा ८ फुटांवरून साधारण निम्मेच पट यशस्वी करतात. ३ फुटांवरून ते क्वचितच चुकतात आणि ३० फुटांवरून त्यांचे शंभरात सातच्या आसपास पट पडतात.

वहीचे दुसरे पान

येथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगणे सोपे नाही.

वही सुरू झाल्यानंतर दोन महिन्यांनी मांडवीजवळ एक वृद्ध शिंपीकाका भेटले. त्यांची हर्नियाची शस्त्रक्रिया मी केली होती. मी प्रकृती विचारली तेव्हा ते संकोचून म्हणाले, “जखम पिकली होती डॉक्टरसाहेब. तुम्हांला कशाला त्रास द्यायचा, म्हणून गल्लीतल्या डॉक्टरांकडे ड्रेसिंग केलं. सव्वा महिना गेला.” माझ्या हिशेबी ते निर्विघ्न बरे झालेले रुग्ण होते.

त्या रात्री झुडपातला फटका आठवला आणि झोप लागली नाही. माझ्या हर्नियाच्या रुग्णांत जखम चिघळल्याची उदाहरणे ‘वर्षाकाठी एखाद-दुसरे’ असे मी परिषदांतून बेधडक सांगत असे. दुसऱ्या दिवसापासून मागील वर्षभराच्या प्रत्येक रुग्णाला दूरध्वनी करविला. सात जण निघाले. त्यांतले चार माझ्याकडे परत आलेच नव्हते. मी खोटे बोललो नव्हतो. मी मोजलेच नव्हते. तेव्हापासून तिसाव्या दिवशी प्रत्येक रुग्णाला दूरध्वनी करून जखमेची स्थिती नोंदवणे हा आमच्याकडे नियम झाला आहे, आणि ती नोंद मी स्वतः लिहीत नाही, परिचारिका लिहितात. मैदानावर कॅडी असतो तसा दवाखान्यातही एक साक्षीदार असावा लागतो.

उपचारयोजना

निदान बदलल्यावर उपचारही बदलले. ते क्रमाने देतो.

१. टीवरून : हद्द किंवा पाणी फेअरवेला खेटून असेल तेथे ड्रायव्हर पिशवीतच ठेवावा. मोकळ्या होलवर तो अवश्य काढावा, कारण लांबीलाही मोल आहेच. आपले फटके डाव्या-उजव्या बाजूला किती पसरतात हे ओळखून त्या पसाऱ्याचा मध्य सुरक्षित जागी ठेवावा.

२. ग्रीनकडे : ‘माझे सात नंबरचे आयर्न दीडशे यार्ड जाते’ असे मी सांगत असे. मोजले तेव्हा सरासरी १३२ यार्ड निघाली. दीडशे हा आयुष्यातला एखादा फटका होता. सरासरी धरून स्टिक निवडावी आणि झेंड्याऐवजी ग्रीनच्या मध्याकडे मारावे.

३. चिप : उंच, देखणा फटका सोडून आठ नंबरच्या आयर्नने पटसारखा बुटका फटका मारावा. चेंडू एका फटक्यात ग्रीनवर आला पाहिजे, एवढेच ध्येय.

४. पट : लांबच्या पटमध्ये होलपेक्षा त्याभोवतीचे ३ फुटांचे वर्तुळ लक्ष्य मानावे आणि ३ फुटांचा सराव रोज करावा.

५. सराव : एकाच स्टिकने पन्नास चेंडू मारण्याऐवजी दर चेंडूला स्टिक व लक्ष्य बदलावे. अशा मिश्र सरावात तात्पुरती प्रगती कमी दिसते, पण शिकलेले अधिक टिकते, हे शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये प्रयोगाने दाखवले. १९९९ मध्ये गॅब्रिएल वुल्फ व सहकाऱ्यांनी गोल्फवरच केलेल्या प्रयोगात, हातांच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा स्टिकच्या हालचालीकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले.

६. शरीर : हौशी खेळाडूंच्या तक्रारी मुख्यतः कंबर, कोपर व मनगट यांच्या असतात. दहा मिनिटे अंग मोकळे केल्याशिवाय पहिला फटका मारू नये. कोपराच्या आतील बाजूस दुखू लागल्यास ते अंगावर काढू नये. आपण रुग्णांना सांगतो ते स्वतःलाही लागू आहे. पट मारताना हात अचानक झटका देऊ लागला, तर तो केवळ मनाचा कमकुवतपणा समजू नये. काही खेळाडूंत ते विशिष्ट क्रियेपुरते मर्यादित फोकल डिस्टोनिया असू शकते.

फलित

या योजनेने इंडेक्स २२.४ वरून १६.८ वर येण्यास सुमारे अडीच वर्षे लागली. उतार सरळ नव्हता. मधे पाच महिने आकडा उलट चढला. चांगली फेरीसुद्धा वीस फेऱ्यांनंतर हिशेबातून गळते, त्यामुळे चढ म्हणजे ऱ्हासच असे नव्हे. टी बदलल्याने सहापैकी चार स्ट्रोक वाचले, चिपने दोन. पटिंगमध्ये जेमतेम एक.

स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेने सुमारे तीन लाख गोल्फपटूंच्या नोंदी तपासल्या होत्या. त्यांचा मृत्युदर समवयस्कांपेक्षा ४० टक्क्यांनी कमी आढळला, आणि सर्वांत कमी हँडिकॅप असलेल्यांत तो सर्वांत कमी. सोबती हा अभ्यास मला आनंदाने ऐकवतात. मी त्यांना आठवण करून देतो की हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे. निरोगी माणसेच अधिक खेळतात हेही त्यामागे असू शकते. पहाटे आठ-नऊ किलोमीटर चालणे हितकर आहे, एवढे मात्र कोणीही निःशंकपणे मान्य करील.

नव्याने खेळू इच्छिणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना माझे एवढेच सांगणे : महागड्या स्टिक पुढे केव्हाही घेता येतील, पहिल्या दिवशी वही आणि पेन्सिल घेऊन यावे. कॅडीने आकडा दुरुस्त केला तर वाद न घालता तो लिहावा. माझ्या वहीत सातव्या होलपुढे खोडलेला ‘७’ आणि त्याच्या शेजारी लिहिलेला ‘८’ अजून तसाच आहे.