भिंतीआडच्या लहरी

सेलूसारख्या गावातील जुने माळवदाचे घर पाहावे. हातभराहून रुंद मातीच्या भिंती भर वैशाखातही आत गारवा राखतात. परंतु त्याच भिंती राउटरच्या रेडिओ लहरींना अडवितात. राउटर बैठकीच्या कोपऱ्यात असतो आणि माजघरात मोबाइलवर गणिताचा पाठ पाहणाऱ्या मुलीचे चित्र उदाहरण सुटण्याआधीच थबकते. मग वडील मंडळी अधिक महाग यंत्र आणावयास निघतात. तो खर्च बहुधा व्यर्थ जातो.

लहरी भिंत मुळीच ओलांडीत नाहीत, असे नव्हे. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी भिंतीपलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. मात्र प्रत्येक भिंतीपाशी लहरींचे बळ घटते. २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी सुमारे १२ सेंटिमीटर लांबीच्या. त्या भिंतीतून बऱ्यापैकी पार होतात. ५ गिगाहर्ट्‌झच्या लहरी माहिती अधिक वेगाने नेतात, पण लवकर क्षीण होतात. म्हणून दोन्ही लहरींचा राउटर निवडावा. तो घराच्या मध्यभागी, उंच फळीवर, उघड्या दारासमोर ठेवावा. लोखंडी कपाटाआड किंवा पाण्याच्या टाकीमागे तो कधीही नसावा; धातू लहरींना परतवितो आणि पाणी त्यांना शोषून घेते. इतके करूनही माजघर कोरडेच राहिले, तर तेथवर तार ओढून दुसरा लहान राउटर जोडावा.