ट्रॉलीचे मागचे दिवे आणि सात पिनांचे सॉकेट



गळीत हंगाम सुरू झाला की आपला ऊस रात्रीही रस्त्यावर असतो. फडातून भरलेली ट्रॉली निघेपर्यंत दिवस मावळतो आणि काट्यावर नंबर लागेपर्यंत मध्यरात्र होते. ट्रॅक्टरचे पुढचे दिवे ड्रायव्हरच्या स्वतःच्या कामाचे, म्हणून ते बिघडले तर त्याच रात्री दुरुस्त होतात. मागचे दिवे दुसऱ्याच्या जिवासाठी असतात. ते महिना महिना बंद राहतात!

गेल्या हंगामात आमच्याच रस्त्यावर एक मोटारसायकलवाला उसाच्या दोन ट्रॉल्यांच्या मागून आला. अगदी जवळ आल्यावर त्याला पुढे ट्रॉली दिसली. त्याने गाडी कडेच्या रानात घातली म्हणून वाचला. आम्ही त्या ट्रॉल्यांचे दिवे तपासले, तर बल्ब सगळे चांगले. दोष निघाला तो ट्रॅक्टरच्या मागच्या सॉकेटात. तेव्हा हे सॉकेट कसे बदलायचे, ते आज समजून घेऊ.

दोष कसा ओळखावा

हे सॉकेट मागच्या चाकांच्या मधे असते. चिखल, धूळ, पाचट आणि धुण्याचे पाणी सगळे त्याच्यावरच. झाकण तुटले की पिनांवर हिरवी बुरशी चढते. तो तांबे-पितळेचा गंज. डावा सिग्नल दिला आणि दोन्हीकडचे लाल दिवे मिणमिणू लागले, किंवा खड्ड्यात गाडी आदळली की दिवे लागतात-विझतात, तर बल्ब बदलत बसू नये. बहुधा अर्थची तार सुटलेली किंवा गंजलेली असते. अर्थ तुटला की वीज दुसऱ्या बल्बमधून किंवा हुकाच्या लोखंडातून परतीची वाट शोधते, आणि ती वाट भरवशाची नाही.

काम कसे करावे

ट्रॅक्टर सपाट जागी बंद करून चाकांना ओट लावावी. बॅटरीची ऋण बाजूची तार आधी काढावी आणि काम झाल्यावर ती सर्वांत शेवटी जोडावी. सॉकेट उघडले की लगेच तारा ओढू नयेत. कोणत्या नंबरच्या पिनेला कोणत्या रंगाची तार आहे, ते कागदावर उतरवून घ्यावे. पिनांचे नंबर सॉकेटवरच कोरलेले असतात. आयएसओ १७२४ या मानकाप्रमाणे १२ व्होल्टच्या सॉकेटातील जोडणी अशी:

१ – डावा सिग्नल, पिवळी
२ – जादा दिव्यासाठी, निळी (पुष्कळदा रिकामी असते)
३ – अर्थ, पांढरी
४ – उजवा सिग्नल, हिरवी
५ – उजवा मागचा दिवा, तपकिरी
६ – ब्रेकचे दिवे, लाल
७ – डावा मागचा दिवा, काळी

आपल्याकडे वायरमनने हाताला येईल त्या रंगाची तार टाकलेली असते. म्हणून रंगावर न जाता प्रत्येक तार टेस्ट लॅम्प लावून खात्री करावी.

तारेचे काळे पडलेले टोक चकचकीत तांबे लागेपर्यंत कापावे. मग टोक नीट पिळून स्क्रूखाली घट्ट आवळावे. नुसता पीळ मारून वर टेप गुंडाळली, तर पुढच्या पंधरवड्यात पुन्हा तेच काम! तार आत जाते तिथले रबर नवे बसवावे, पिनांना थोडे व्हॅसलीन लावावे, आणि झाकणाची बिजागरी वरच्या बाजूला येईल असे सॉकेट बसवावे, म्हणजे झाकण आपोआप खाली पडते. ट्रॉलीच्या केबलचा प्लगही त्याच वेळी उघडून पाहावा. जुना गंजका प्लग नव्या सॉकेटाचे वाटोळे करतो.

अर्थची तार जाड का?

थोडा हिशेब करू. दोन ट्रॉल्यांचे ब्रेकचे चार बल्ब, प्रत्येकी २१ वॅट, म्हणजे ८४. मागचे चार दिवे प्रत्येकी ५ वॅट, म्हणजे २०. एका बाजूचे दोन सिग्नल, ४२. एकूण १४६ वॅट. १२ व्होल्टला हे सुमारे १२ अँपिअर होतात, आणि ते सगळे एकट्या ३ नंबरच्या पिनेतून परत येतात. म्हणून दिव्यांना १.५ चौरस मिलिमीटरची तार घेतली, तर अर्थला २.५ ची घ्यावी. ती पुढे दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत सलग न्यावी. हुकाच्या पिनेवर भिस्त ठेवू नये. एलईडी दिव्यांना वीज कमी लागते खरी, पण अर्थ त्यांनाही लागतोच.

फ्यूज वारंवार उडत असेल तर कुठेतरी तार सोलली आहे, असे समजावे. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे पाचटाशेजारी काडी ओढणे होय.

शेवटी दिवे एकेक लावून दुसऱ्या माणसाला मागे उभे करून पाहावे. स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल ताणत नाही ना, रस्त्याला घासत नाही ना, हेही पाहावे.

निघताना एवढे करा

भरताना ऊस दिव्यांवर लोंबू देऊ नका. काचा आणि रिफ्लेक्टर फडक्याने पुसा. रिफ्लेक्टर दिव्याची जागा घेत नाही. मागच्याच्या गाडीचा उजेड पडला तरच तो चमकतो. रिकामी ट्रॉली परत नेतानाही दिवे तपासा. वाटेत पंक्चर झाले आणि मागे दगड मांडले, तर निघताना ते उचलायला विसरू नका.

सॉकेटाचे काम तासाभराचे. ते ट्रॉली फडात लागण्याआधी झालेले बरे. आपल्या ट्रॉलीमागून येणारा कुणाचा तरी मुलगा असतो, आणि एखाद्या रात्री तो आपलाही असू शकतो.